अंड्यांवरच्या कोंबड्यांना कॅल्शियम, जीवनसत्त्वं, टॉनिकं: नेमकं किती आणि कधी?

माळरान

नमस्कार मंडळी. ५०० ग्रामप्रिया (अंड्यांसाठीची जात), वय ३४ आठवडे, गादीवरची शेड (जमिनीवर भुशाचा थर). गेले काही दिवस अंड्यांची कवचं पातळ येतायत, शंभरात सात-आठ तडकलेली निघतात. दुपारचं तापमान ४० च्या वर आहे. उत्पादन फारसं घसरलेलं नाही, पण खाद्य कमी खातायत.

खाद्य घरी बनतं: मका, सोया पेंड, राईस पॉलिश, चुनखडीची बारीक पूड टनाला ७० किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), मीठ, प्रीमिक्स (जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण). पाण्यातून सकाळी द्रव कॅल्शियम, लिव्हर टॉनिक, बी कॉम्प्लेक्स आणि पाणी आम्लधर्मी करणारं अ‍ॅसिडिफायर. त्याच शेडमध्ये जाळीपलीकडे १२ आठवड्यांच्या २०० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आहेत, त्यांनाही हेच खाद्य जातं. कॅल्शियमचा डोस वाढवू का, की दुसरं काही घालू?

पशुवैद्यक

माळरान, कवचांचं नंतर बोलू. आधी तलंगांचं खाद्य आजच्या आज वेगळं करा.

वाढत्या तलंगेला खाद्यात साधारण १ टक्का कॅल्शियम पुरतं. तुमच्या मिश्रणात ते ३ टक्क्यांच्या आसपास आहे. तिला कवच बनवायचं नसतं, त्यामुळे जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावाटे बाहेर टाकावं लागतं. आठवडेच्या आठवडे हे चाललं की मूत्रपिंडं निकामी होतात आणि युरेट (लघवीतला पांढरा क्षार) साचतं. मेलेली तलंग उघडली तर काळजावर, यकृतावर खडूची भुकटी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो, मूत्रपिंडं सुजलेली आणि फिकट असतात. हा गाऊट. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की तो आणखी लवकर दिसतो. मरतुक लगेच सुरू होईलच असं नाही. बऱ्याचदा ती पुढे अंड्यावर आल्यावर सुरू होते, आणि तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिलं अंडं अपेक्षित असेल त्याच्या दोनेक आठवडे आधी २ ते २.५ टक्के कॅल्शियमचं खाद्य सुरू करायचं. लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य त्यानंतर, कळपात अंडी सुरू झाली की.

शुभदा_क

डॉक्टर, परसात सगळ्या वयाच्या कोंबड्या एकत्रच फिरतात, तिथे खाद्य वेगळं कसं ठेवायचं?

पशुवैद्यक

शुभदाताई, तिथे उलट बाजूने जा. सगळ्यांना १ टक्का कॅल्शियमचं ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची खडी वेगळ्या भांड्यात कायम भरून ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरती स्वतः जाऊन खाते, संध्याकाळी तर हमखास. लहान पक्षी त्या भांड्याला फारसं तोंड लावत नाहीत. भांडं मात्र पावसात भिजणार नाही असं ठेवा.

लेअरवाला

आता कवचाचा हिशेब. तो एकदा कागदावर मांडला की बाटलीतून किती मिळतं ते दिसतं.

५५ ग्रॅमचं अंडं धरा. कवच वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे साडेपाच ग्रॅम. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यात ४० टक्के कॅल्शियम. म्हणजे एका अंड्यासोबत २ ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम कोंबडीच्या अंगातून जातं. खाल्लेल्यातलं निम्मं अंगी लागतं असं धरलं तर रोज पोटात ४ ग्रॅमच्या वर जायला हवं. ११० ग्रॅम खाद्य आणि त्यात ३.८ टक्के कॅल्शियम, म्हणजे ४.२ ग्रॅम. गणित जमलं.

तुमच्याकडे टनाला ७० किलो चुनखडी. तिच्यात ३८ टक्के कॅल्शियम धरलं तर २.६६ टक्के. डीसीपी आणि बाकी घटकांतून अर्धा टक्का. एकूण ३.२ च्या आत. उन्हामुळे कोंबडी ९० ग्रॅमच खात असेल तर पोटात जातंय २.९ ग्रॅम. म्हणजे रोज सव्वा ग्रॅमची तूट. ती हाडांतून भरली जाते, आणि हाडंही किती दिवस पुरवणार?

आता बाटली. लेबलावर १० मिलीत ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलंय असं धरू. १०० कोंबड्यांना १०० मिली दिलं तर ४ ग्रॅम कॅल्शियम, कोंबडीमागे ४० मिलिग्रॅम. गरज ४००० मिलिग्रॅमची. डोस दुप्पट केला तरी गरजेच्या दोन टक्के. तुमच्या बाटलीवरचा आकडा घेऊन हाच भागाकार करा. द्रव कॅल्शियमसोबत डी३ जीवनसत्त्व असेल तर त्याचा उपयोग होतो, पण डी३ प्रीमिक्समधूनही मिळतं आणि तिथून स्वस्त पडतं.

लेअरवाला

राहिलं ते लिहितो. नुसता टक्का वाढवून भागत नाही, कणाचा आकारही बघावा लागतो. अंडं कवचग्रंथीत २० तासांच्या आसपास असतं आणि कवचाचा मोठा भाग रात्री चढतो. त्या वेळी कोंबडी झोपलेली असते, खात नाही. बारीक पूड संध्याकाळपर्यंत आतड्यातून पुढे गेलेली असते. २ ते ४ मिमीची खडी मात्र गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून राहते आणि रात्रभर थोडी थोडी विरघळते. म्हणून एकूण चुनखडीपैकी दोन तृतीयांश खडी आणि एक तृतीयांश पूड ठेवा. टनाला ८७ किलो लागणार असेल तर ५८ किलो खडी, २९ किलो पूड.

खडी विकत घेताना थोडी व्हिनेगरमध्ये टाकून बघा. चांगली चुनखडी फसफसते आणि हळूहळू विरघळते. तळाशी बरीच रेती उरली तर दगड मिसळलेला आहे. मार्बलच्या कारखान्यातला चुरा घेणाऱ्यांनी ही परीक्षा न चुकता करावी. काही मार्बल डोलोमाइटचं असतं, त्यात मॅग्नेशियम जास्त, आणि त्याने कोंबड्यांना पातळ हगवण लागते. डोलोमाइट थंड व्हिनेगरमध्ये फार मंद फसफसतं.

आज लगेच करण्यासारखं: संध्याकाळी ४ ते ५ च्या दरम्यान कोंबडीमागे ३ ग्रॅम खडी, म्हणजे ५०० ना दीड किलो, फीडरमधल्या खाद्यावर पसरून टाका. त्यातून १.१ ग्रॅम कॅल्शियम जादा मिळेल. नवीन खाद्य बनेपर्यंत हे चालू ठेवा.

पशुवैद्यक

लेअरवाल्यांचा हिशेब बरोबर आहे, एक पुस्ती जोडते. कवच बिघडलं म्हणजे कॅल्शियमच कमी, असं नसतं. उष्णतेत कोंबडी धापा टाकते, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं. कवचाला कॅल्शियमइतकंच कार्बोनेटही लागतं. म्हणून कोंबडी कॅल्शियम भरपूर खात असली तरी भर उन्हाळ्यात कवच पातळ येऊ शकतं.

दुसरं, तपकिरी अंड्यांचा रंग अचानक फिका पडला, बिनकवची किंवा मऊ अंडी एकदम वाढली, किंवा कवचावर वळ्या आल्या आणि उत्पादनही घसरलं, तर खाद्यात काही घालत बसू नका. ईडीएस, आयबी, मानमोडी या विषाणूजन्य रोगांची शंका घ्या आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. माळरान यांचं उत्पादन टिकून आहे, खाद्य कमी झालंय आणि ऊन आहे. त्यामुळे इथे कारण खाद्य आणि उष्णता हेच दिसतं.

माळरान

तलंगा आजच वेगळ्या केल्या. मग खाण्याचा सोडा घालायचा का? पाण्यातून की खाद्यातून?

खाद्यगिरणी

खाद्यातून, टनाला २ किलो. पण मीठ तेवढंच ठेवून सोडा वर घालू नका. २ किलो सोड्यातून अर्धा किलोहून थोडं जास्त सोडियम येतं, म्हणून मीठ ३ किलोवरून पावणेदोन किलोवर आणा. नाहीतर कोंबड्या पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते आणि अमोनिया सुटतो. सुकट किंवा मासळीची भुकटी वापरत असाल तर तिच्यातलं मीठही याच हिशेबात धरा.

पाण्यात सोडा आणि द्रव कॅल्शियम एकत्र घालणारे बरेच आहेत. दोघं मिळून पाण्यातच चुनखडी तयार होते आणि पाणी पिण्याचे निपल चोंदतात. मग कोंबड्यांना पाणीच मिळत नाही, आणि ४२ अंशांत ते जिवावर बेततं.

क जीवनसत्त्व टनाला २०० ते २५० ग्रॅम. ते उष्णतेत लवकर नासतं, त्यामुळे लेपित प्रकार घ्या आणि खाद्य आठवडाभरात संपेल एवढंच बनवा.

तलंगमाळ

सकाळी १० नंतर दुपारी ४ पर्यंत फीडर वर ओढून ठेवा. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, आणि ती नेमकी दुपारी चढते. पहाटे ५ ला दिवे लावून गार वेळेत खाऊ द्या. टाकीवर ओलं पोतं आणि पाइप जमिनीखालून, एवढं केलं तरी पाण्याचं तापमान बरंच उतरतं. गरम पाण्यात कितीही भारी इलेक्ट्रोलाइट घाला, कोंबडी ते पीत नाही.

पशुवैद्यक

आता माळरान यांच्या सकाळच्या पाण्याकडे वळते. इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळ करतात. प्रत्येक गोष्ट एकेकटी चांगली असते, एकत्र आली की एकमेकीला मारते.

बी कॉम्प्लेक्स आणि अँप्रोलियम. रक्ती हगवणीवरचं अँप्रोलियम हे बी१ सारखं दिसणारं रसायन आहे. परजीवीला बी१ मिळू न देणं हेच त्याचं काम. तेव्हाच बी१ असलेलं टॉनिक पाजलं तर औषधाचा जोर उतरतो. कोर्स संपल्यावर बी कॉम्प्लेक्स द्या. सल्फा औषधं चालू असतील तर मात्र के३ जीवनसत्त्व सोबत द्यायला हवं, कारण सल्फाने रक्तस्राव वाढतो.

प्रोबायोटिक आणि क्लोरीन. ब्लीचिंग घातलेल्या पाण्यात लॅक्टोबॅसिलस टाकले तर ते मरतात. बॅसिलसचे बीजाणू तुलनेने टिकतात आणि पेलेटच्या उष्णतेतूनही तगतात. अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक म्हणजे पैसा पाण्यात. कोर्स संपल्यावर ३ ते ५ दिवस द्या.

क जीवनसत्त्व आणि क्लोरीन एकमेकांना निकामी करतात.

अ‍ॅसिडिफायर आणि ब्लीचिंग एका बादलीत कधीही कालवू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो कालवणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जातो. अ‍ॅसिडिफायरने पाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६ च्या दरम्यान आणायचा. फार खाली नेला तर कोंबड्या पाणी कमी पितात. पीएच पट्टीने मोजा. बाटलीवरच्या मिलीवर जाऊ नका, कारण बोअरचं जड पाणी आणि विहिरीचं हलकं पाणी यांना लागणारी मात्रा वेगळी असते.

लसोटा ही मानमोडीची लस पाण्यातून देताना आदला आणि पुढचा दिवस क्लोरीन, आम्ल, सगळं बंद. साय काढलेल्या दुधाची भुकटी लिटरला अडीच ग्रॅम, लस दोन तासांत संपली पाहिजे.

पशुवैद्यक

एक जीवघेणी जोडी राहिली. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (रक्ती हगवणीची औषधं) असेल तर टियाम्युलिन हे श्वसनाचं औषध देऊ नका. कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, छातीवर पडून राहतात आणि मरतात. बाजारातल्या तयार खाद्यात बहुतेक वेळा रक्ती हगवणीचं औषध आधीच घातलेलं असतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय श्वसनाचं औषध सुरू करू नका. सॅलिनोमायसिन घोड्यांना आणि टर्कीलाही घातक आहे, ते पोतं त्यांच्यापासून लांब ठेवा.

आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक: अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना आणि पशुखाद्यात ते वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. जुना साठा 'वाढीची पावडर' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

शुभदा_क

लिव्हर टॉनिकचं काय? दुकानदार दर महिन्याला पाच दिवस द्यायला सांगतात.

खाद्यगिरणी

यकृत कशाने बिघडतंय ते आधी बघा ताई. आपल्याकडे नव्वद टक्के संशय मक्यावर घ्यावा. पावसात काढलेला, नीट न वाळवलेला मका घरात आला की बुरशी आलीच. ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर घेऊ नका, १२ असेल तर निर्धास्त. कणसाचे तुकडे, फुटके दाणे आणि धूळ चाळून टाका. विष सगळ्यात जास्त त्याच चुऱ्यात असतं.

टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारी पूड) टनाला १ ते २ किलो. बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिनला चांगली धरते, टी-२ या दुसऱ्या बुरशीविषाला जवळजवळ नाही. चोचीच्या आत, टाळूवर पिवळट चट्टे दिसले तर टी-२ समजा. तिथे माती वाढवून उपयोग नाही, तो मका बदलावा लागतो. बदकांना अफलाटॉक्सिन कोंबड्यांहून कितीतरी कमी मात्रेत मारतं, तेव्हा 'खराब मका बदकांना घालू' हा विचार सोडा.

अंड्यावरच्या जाड कोंबड्यांचं यकृत चरबीने पिवळं पडत असेल तर कोलीन क्लोराइड (६० टक्के) टनाला १ किलो आणि मेथिओनिन (अमिनो आम्ल) पुरेसं आहे का बघा. कोलीन प्रीमिक्सच्या पिशवीत मिसळून ठेवू नका. ते हवेतला ओलावा ओढतं आणि अ, के, बी१ नासवतं. थेट मिक्सरमध्ये घाला.

माळरान

मग पूर्ण मिश्रण सांगा ना, १०० किलोचं. मिक्सर नाही, फरशीवर फावड्याने कालवतो.

खाद्यगिरणी

मका ५८ किलो, सोया पेंड (४५ टक्के प्रथिनं) २५, राईस पॉलिश ६.४, चुनखडी ८.७ (५.८ खडी, २.९ पूड), डीसीपी १.१ किलो, मीठ ३०० ग्रॅम, डीएल मेथिओनिन १५० ग्रॅम, सूक्ष्म खनिजं १०० ग्रॅम, कोलीन १०० ग्रॅम, बाइंडर १०० ग्रॅम, जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स ५० ग्रॅम. प्रथिनं १७ टक्क्यांच्या वर बसतात. प्रीमिक्स आणि खनिजांची मात्रा तुमच्या पाकिटावर वेगळी असेल तर पाकीट ऐकायचं. सोडा घालणार असाल तर २०० ग्रॅम, आणि मीठ १७५.

खाणं ९० ग्रॅमवर असेपर्यंत चुनखडी १० किलोपर्यंत न्या आणि तेवढं राईस पॉलिश कमी करा. तोवर लेअरवाल्यांची संध्याकाळची खडी थांबवा, दोन्ही एकदम नको. खाणं पूर्ववत झालं की चुनखडी परत ८.७.

फरशीवर कालवताना ५० ग्रॅम प्रीमिक्स थेट शंभर किलोत गेलं तर एका कोंबडीला दहा दिवसांचं मिळतं आणि नऊ जणींना काहीच नाही. आधी ते १ किलो चाळलेल्या पेंडीत हाताने चोळा. मग त्यात मेथिओनिन, खनिजं, मीठ, बाइंडर घालून ५ किलो पेंडीत. मग ते २० किलो मक्यात. उरलेल्या मालाचा ढीग करून त्यावर हे पसरा आणि ढीग फावड्याने एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पाच वेळा पलटवा. तेल घालणार असाल तर शेवटी, आधी घातलं तर पावडरीच्या गुठळ्या होतात. किराणा दुकानातला काटा ५० ग्रॅमला भरवशाचा नाही, दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या.

राईस पॉलिश ताजं हवं. खवट वास आला की त्यातलं तेल बिघडलेलं असतं आणि ते ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. पिल्लांत दोन ते चार आठवड्यांच्या वयात डोकं पायांत घालून गोल फिरणं, कोलमडणं दिसतं ते यातूनच.

मराठवाडा-विदर्भात घरचं सोयाबीन असतं म्हणून कच्चं दळून घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, पिल्लं खुरटतात. नीट भाजल्याशिवाय घालू नका.

शेवगा_अझोला

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या चाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. अझोलात २५ टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे सोया पेंड निम्मी करता येते असं ऐकलंय.

लेअरवाला

दादा, ते २५ टक्के वाळलेल्या अझोलातले. ओल्या अझोलात ९३-९४ टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम ओला अझोला म्हणजे ६ ग्रॅम सुका माल आणि दीड ग्रॅम प्रथिनं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १७-१८ ग्रॅम प्रथिनं लागतात. पेंड निम्मी केली तर अंडी लहान होतात, मग कमी होतात, आणि पिसं उपटणं सुरू होतं.

तरी अझोला, लसूणघास, शेवग्याचा पाला जरूर द्या, कोंबडीमागे २० ते ३० ग्रॅम ओला, दुपारनंतर. बलक गडद होतो. मक्याऐवजी बाजरी घालत असाल तर हिरवा चारा हवाच, कारण बाजरीने बलक पांढुरका पडतो. ग्राहक गावरान अंड्याला बलकाच्या रंगावर पैसे देतो.

तलंगमाळ

पिल्लांबद्दल विचारतो. तीन आठवड्यांच्या पिल्लांची बोटं आत वळलीत, घोट्यावर बसतात. कॅल्शियम देऊ?

पशुवैद्यक

नको. बोटं आत वळणं ही बी२ ची कमतरता. पाण्यातून बी२ असलेलं बी कॉम्प्लेक्स पाच दिवस द्या आणि प्रीमिक्सची तारीख बघा. नुकतंच वळलेलं असेल तर सुधारतं, जुनं झालं तर वाकडं ते वाकडंच राहतं. मान पाठीवर उलटी पडून आकाशाकडे बघत असेल तर बी१. चोच रबरासारखी वाकत असेल तर डी३, कॅल्शियम किंवा फॉस्फरस. टाचेचा सांधा सुजून स्नायूची दोरी बाजूला सरकली असेल तर मँगनीज. दोन महिन्यांच्या पुढच्या पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला असेल तर मरेक्स हा विषाणूजन्य रोग, त्याला कोणतंही जीवनसत्त्व लागू पडत नाही.

माळरान

खाद्य उद्या बनवतोय. पाण्यातलं सगळं बंद करून फक्त अ‍ॅसिडिफायर ठेवतो, सामू मोजून. फरक पडला हे किती दिवसांत कळेल?

लेअरवाला

आठवडाभरात कळायला हवं, पण डोळ्यांनी ठरवू नका. आज दहा अंडी घ्या, कुठल्याही दहा, निवडून नाही. प्रत्येकाचं वजन लिहा, फोडा, कवचं आतल्या पापुद्र्यासकट धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा आणि दहाही एकदम तोला. ५५ ग्रॅमच्या अंड्यांची दहा कवचं ५२ ते ५५ ग्रॅम भरली तर ठीक. ४५ च्या खाली असतील तर कमतरता खरी. दर सोमवारी हेच करा आणि त्याच वहीत त्या दिवशीचं खाद्य व दुपारचं तापमान लिहा. दोन आठवड्यांनी आकडे इथे टाका. खाणं ९० ग्रॅमवरच अडकलेलं असेल तर जीवनसत्त्वांचं प्रमाणही वाढवावं लागेल, ते तेव्हा बघू.